कंपोस्ट टीची तपासणी: आम्ही काय पाहतो आणि आपण काय पाहावे

कंपोस्ट टी म्हणजे कंपोस्ट पाण्यात घालून, टाकीत पंपाने हवा सोडत तयार केलेले, जिवाणूंनी भरलेले द्रावण; ते पिकावर फवारतात किंवा मुळाशी देतात. ते नेणारे ग्राहक बहुधा पहिल्याच भेटीत प्रयोगशाळेचा अहवाल मागतात. मागणी रास्त आहे आणि अहवाल आम्ही देतोही; मात्र तो आपल्या हातातील कॅनचा नसतो. विष्ठेतून येणारे ई. कोलाय जिवाणू मोजण्यासाठी नमुना उबवणी यंत्रात ठेवून त्यांच्या वसाहती वाढू द्याव्या लागतात आणि त्याला साधारणपणे १८ ते २४ तास लागतात. उलट हवा बंद केल्यानंतर हे द्रावण चार ते सहा तासांत वापरायला हवे, कारण त्यातील असंख्य जीव उरलेला प्राणवायू झपाट्याने संपवतात. म्हणजे अहवाल हाती पडेपर्यंत ती खेप वापरण्याजोगी राहिलेलीच नसते. म्हणून प्रयोगशाळेत आम्ही कंपोस्ट आणि कृती तपासून घेतो आणि प्रत्येक खेपेवर काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या मोजण्या करतो.

सर्वांत जास्त लक्ष कंपोस्टकडे द्यावे लागते, कारण त्यात रोगकारक जिवाणू जिवंत राहिले असतील तर टाकीत त्यांना पाणी, हवा आणि अन्न मिळून ते वाढू शकतात. शेण किंवा कोंबडी खत वापरलेल्या उघड्या लांबट ढिगाचे तापमान किमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहावे आणि त्या काळात ढीग निदान पाच वेळा पालटला जावा, असा सर्वमान्य निकष आहे. पालटल्याने बाहेरचा थंड थर आत जाऊन तापतो. प्रत्येक ढिगाच्या तापमानाची रोजची नोंद आमच्याकडे असते आणि ती आपण मागून पाहावी. त्यानंतर कंपोस्टच्या अर्कात बी रुजवून पाहतो. साध्या पाण्यातील बियांच्या तुलनेत मुळे आखूड किंवा तपकिरी दिसली, तर तो ढीग अजून पिकलेला नाही असे समजून बाजूला ठेवतो.

दुसरा प्रश्न मळीचा, म्हणजे साखर करताना उरणाऱ्या गोड, काळ्या पाकाचा. मळी घातली की जिवाणूंची संख्या भराभर वाढते आणि आकडे आकर्षक दिसतात, परंतु त्याच साखरेवर ई. कोलाय आणि साल्मोनेला हे रोगकारक जिवाणूही पोसले जातात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. अमेरिकेतील सेंद्रिय मानक मंडळाने नेमलेल्या अभ्यासगटाने २००४ साली अशी शिफारस केली की, मळीसारखे पूरक अन्न घालून केलेले द्रावण निर्बंधाविना वापरायचे असेल, तर तेच कंपोस्ट, तीच पूरके आणि तीच उपकरणे वापरून आधी किमान दोन खेपा तपासाव्यात आणि १०० मिलिलिटरमागे ई. कोलायच्या वसाहतींची सरासरी १२६ पेक्षा किंवा एंटेरोकोकाय या विष्ठेतून येणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंची ३३ पेक्षा अधिक नसावी. आम्ही हीच पद्धत पाळतो आणि कंपोस्टचा ढीग बदलला की चाचणी नव्याने करून घेतो. शक्य तिथे मळी टाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खेप चालू असताना मुख्य मोजमाप असते ते विरघळलेल्या प्राणवायूचे. तो लिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली येऊ नये, असे आम्ही धरून चालतो. स्वच्छ पाण्यात २० अंशांना जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५, शिवाय उष्णतेने जिवाणूंची भूकही वाढते, म्हणून गरम दिवसांत तीच कृती आणि तोच पंप अपुरा पडतो. सामू आणि क्षारता आम्ही नोंदवतो, पण त्यांवरून द्रावण जिवंत आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी थेंबभर द्रावण सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठे करून पाहतो. जिवाणूंची लगबग, बुरशीचे लांब तंतू आणि अधूनमधून एखादा अमीबा दिसला तर समाधान वाटते. केसाळ, वेगाने धावणारे पक्ष्माभिकाधारी जीव गर्दीने दिसले तर प्राणवायू कुठेतरी कमी पडला असावा, अशी शंका घेतो. फेस आणि गडद रंग यांना गुणवत्तेचे प्रमाण मानू नये. फेस प्रथिनांमुळे येतो आणि रंग कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यातील ह्यूमिक पदार्थांमुळे.

सुरुवातीच्या काळात आमची एक खेप सकाळी आंबूस वासाची निघाली. पंप व्यवस्थित चालू होता, मात्र हवेची नळी कापून पाहिली तेव्हा आतून बुळबुळीत थर बसलेला होता आणि बोट फिरवताच तो राखाडी शेंबडासारखा निघून आला. ती खेप आम्ही टाकून दिली. तेव्हापासून प्रत्येक खेपेनंतर नळ्या, एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारे सच्छिद्र दगड) आणि टाकी घासून, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन वाळवतो.

आपल्याकडे द्रावण आल्यावर प्रथम झाकण उघडून वास घ्यावा. पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास योग्य. आंबट, सडक्या अंड्यासारखा किंवा नासक्या भाजीसारखा वास आल्यास ते पिकावर मारू नये आणि आम्हाला कळवावे. पातळ करण्यासाठी क्लोरीनयुक्त नळाचे पाणी वापरणार असाल, तर आधी त्यात काही तास हवा सोडावी. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असल्यास ते अशा रीतीने निघत नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर काढणीच्या सुमारास फवारणी टाळून मुळाशी आळवणी करावी. हे द्रावण खताची जागा घेत नाही आणि रोगनियंत्रणाबाबतचे प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, त्यामुळे त्याची हमी आम्ही देत नाही.

स्वतंत्र तपासणी करून घ्यायची असेल, तर नमुना निर्जंतुक बाटलीत, वरती थोडी जागा सोडून घ्यावा आणि बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. उन्हात राहिलेल्या बाटलीचा आकडा आपल्या द्रावणाचा नसतो. प्रत्येक कॅनवर हवा बंद केल्याची वेळ आणि प्राणवायूची शेवटची नोंद हाताने लिहिलेली असते. ती चिठ्ठी नसलेला कॅन आपण स्वीकारू नये.