करवत-यंत्राचा चाकांचा पाया

कार्यशाळेतील जड गोल करवतीच्या (टेबल सॉ) यंत्राखाली बसविण्याची, चाके जोडलेली चौकट. अमेरिका व कॅनडात मोटारीच्या गॅरेजमध्ये सुतारकाम करणाऱ्या हौशी कारागिरांत ती रूढ आहे. ती तयार विकत मिळते. तथापि पुष्कळ कारागीर आपल्या यंत्राच्या मापाने ती घरीच बनवितात.

गोल करवतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये पवनचक्कीवर चालणाऱ्या कापयंत्राचे पेटंट मिळाले. त्यात गोल पात्याचा उल्लेख केवळ ओघाने येतो. यावरून असे पाते त्यापूर्वीच माहीत असावे, असे काही अभ्यासक मानतात व ते ग्राह्य वाटते. त्याच शहरात वॉल्टर टेलर जहाजांच्या कप्प्या घडविताना गोल करवती वापरीत. हा वापर बहुधा पेटंटाच्या आधीचा असावा. अमेरिकेत या शोधाचे श्रेय मॅसॅचूसेट्समधील हार्व्हर्ड येथील शेकर या ख्रिस्ती पंथाच्या टॅबिथा बॅबिट यांना, १८१३ च्या सुमारास, देण्याची परंपरा आहे. परंतु पोर्ट्‌स्मथच्या नौदल गोदीत अभियंता मार्क ब्रूनेल यांच्या यंत्रांत गोल करवती त्याआधीच चालू होत्या. बॅबिट यांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली असेल. आद्यत्वाचा दावा मात्र टिकत नाही.

अमेरिकेतील मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीची युनिसॉ ही टेबल सॉ १९३९ मध्ये आली. तिचे टेबल सपाटच राहते आणि आतले पाते तिरके होते. बिडाचे टेबल व बंदिस्त पेटी असलेली या प्रकारची यंत्रे साधारणपणे २०० ते २५० किग्रॅ. भरतात. हे वजन कंपन जिरवते, म्हणून ते दोष नव्हे, गुण आहे. पाया बनविताना तो गुण गमावता कामा नये.

चाकांची निवड करताना एकूण वजनाला चारने भागण्याची चूक सर्रास होते. गॅरेजची फरशी क्वचितच समपातळीत असते. एक चाक अधांतरी राहिले की सारा भार तिघांवर येतो. म्हणून २४० किग्रॅ. यंत्राला प्रत्येकी ६० नव्हे, तर किमान ८० किग्रॅ. पेलणारी चाके लागतात, आणि त्याहून सरस घेणे इष्ट. चाके थेट पेटीखाली लावल्यास टेबल दहा-बारा सेंमी. उंचावते व काम करताना खांदे अवघडतात. यासाठी अँगलची (काटकोनी लोखंडी पट्टीची) चौकट करून तिच्या कोपऱ्यांबाहेर, वरच्या पातळीला चाके जोडतात आणि १८ मिमी. प्लायवुडचा दुहेरी तळ चौकटीत खाली बसवितात. मग यंत्र त्याहून बरेच कमी वर येते. उजवीकडे लांब टेबल जोडलेले असल्यास गुरुत्वमध्य तिकडे सरकतो, तेव्हा चौकटही तितकी लांबवावी लागते.

साधा ब्रेक चाकाचे फिरणे थांबवितो, पण त्याचा खूर (चाक धरणारा, वळणारा भाग) वळतच राहतो. फळी पुढे रेटताना यंत्र किंचित जरी हलले, तरी हात पात्याकडे जाण्याचा धोका असतो. एका बाजूला न वळणारी दोन चाके आणि दुसऱ्या बाजूला आटे फिरवून जमिनीवर टेकणारे पाय, ही रचना अधिक भरवशाची होय.

यंत्र चढविण्यापूर्वी वीजजोडणी काढून पाते व जोडटेबले उतरवितात. मग पहारीने पेटीची एकच कड उचलून खाली लाकडी ठोकळा सारतात, नंतर दुसरी. असे आळीपाळीने करून ती तळाच्या उंचीला आणतात व आत सरकवितात. कुंपणपट्टीच्या (फळीला सरळ वाट देणाऱ्या पट्टीच्या) रुळांना धरून उचलू नये, ते वाकतात. शेवटी टेबलावर पाणसळ ठेवून पाय फिरवीत पातळी साधतात.