त्रिकोणाचा बाह्यकोन

त्रिकोणाची एक बाजू शिरोबिंदूच्या पुढे वाढवली, की वाढवलेला भाग आणि तिथेच मिळणारी दुसरी बाजू यांच्यामध्ये होणारा कोन म्हणजे बाह्यकोन. त्याच्या लगतचा आतला कोन धरून दोघांची बेरीज 180 अंश भरते. उरलेले दोन आतले कोन हे त्याचे दूरस्थ आंतरकोन, आणि या दोघांची बेरीज म्हणजेच बाह्यकोन. दोन कोन 62 व 48 अंशांचे दिले, तर तिसऱ्या शिरोबिंदूपाशी बाह्यकोन थेट 110. आधी तिसरा कोन 70 काढा, मग तो 180 मधून वजा करा, हा द्राविडी प्राणायाम नको.

इंदूरच्या मराठी घरांत हा धडा दोन भाषांत शिकवावा लागतो. हिंदी माध्यमातली नात ‘त्रिभुज’ म्हणते, आजोबा ‘त्रिकोण’. तिचे ‘सम्मुख अंतःकोण’ म्हणजे आजोबांचे दूरस्थ आंतरकोन, तिचे ‘एकांतर कोण’ म्हणजे आपले व्युत्क्रम कोन, हे जुळेपर्यंत चहा गार होतो. ‘बाह्य’ हा शब्द मात्र दोन्हीकडे तोच, आणि खरा घोटाळा तोच करतो. बाह्य म्हणजे बाहेरचं सगळं, असं समजून मुलं समभुज त्रिकोणाच्या टोकाभोवती पेन्सिल फिरवतात आणि 300 अंश लिहून मोकळी होतात. तो प्रविशाल, म्हणजे 180 अंशांहून मोठा, कोन झाला. बाह्यकोन 120 अंशांचाच. दोन्ही बाजू वाढवल्यावर समोरासमोर पडणारा विरुद्ध कोनही बाह्यकोन नव्हे, तो आतल्या कोनाइतकाच असतो.

त्यापेक्षा ‘वळण’ म्हणावं. त्रिकोणी बगिच्याच्या कडेच्या रस्त्यांवरून स्कूटरने फेरी मारा. कोपऱ्यावर हँडल वळवलं नसतं तर गाडी जिकडे गेली असती, ती वाढवलेली बाजू. जेवढं वळलो, तो बाह्यकोन. आतला कोन 30 अंशांचा असेल तर गाडी 150 अंश वळवावी लागते, म्हणून तर चिंचोळ्या तिराह्यावर पाय टेकवावा लागतो. फेरी पुरी झाली की तोंड पुन्हा पहिल्याच दिशेला, म्हणजे तिन्ही वळणांची बेरीज 360. त्रिकोण कसाही असो.

सिद्धता दोन ओळींची. त्रिकोण अबक मध्ये बक ही बाजू ड पर्यंत वाढवा आणि क मधून बअ ला समांतर अशी कइ काढा. कोन अकइ आणि कोन अ हे अक रेषेच्या दोन अंगांचे व्युत्क्रम कोन म्हणून समान. कोन इकड आणि कोन ब हे बड रेषेच्या एकाच अंगाचे संगत कोन म्हणून समान. दोन तुकडे जोडले की बाह्यकोन अकड तयार.

प्राचीन ग्रीक गणिती यूक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात हे 32वं साध्य आहे. त्याआधी 16व्या साध्यात तो एवढंच सांगतो, की बाह्यकोन प्रत्येक दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा असतो. तिथे त्याला समांतर रेषांचं गृहीतक लागत नाही. जयपूरचे राजे सवाई जयसिंग यांच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राटांनी 18व्या शतकात हा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला, नाव ‘रेखागणित’. त्याच जयसिंगांची एक वेधशाळा इंदूरहून सुमारे 55 किलोमीटरवर उज्जैनला आहे. तिथल्या सम्राट यंत्राच्या, म्हणजे सूर्यघड्याळाच्या, भिंतीची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, त्यामुळे जमिनीशी तिचा कोन गावाच्या अक्षांशाइतका, सुमारे 23 अंश. भिंतीची उभी बाजू जमिनीशी काटकोनात. मग वरच्या टोकाचा बाह्यकोन 23 अधिक 90, म्हणजे 113; कोनमापक घेऊन वर चढायला नको.

हे सगळं सपाट कागदापुरतं. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन रेखावृत्तं काढली, तर विषुववृत्तावर दोन्हीकडे काटकोनच होतात. तिथला बाह्यकोनही 90 आणि एक दूरस्थ आंतरकोनही 90. 32वं साध्य तर कोसळतंच, 16व्यातलं ‘मोठा’ही उरत नाही.