अंकिता रैना: 160 व्या क्रमांकामागचं गणित

अंकिता रैना मूळची अहमदाबादची. टेनिससाठी शाळकरी वयात पुण्यात आली आणि हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडली. मार्च 2020 मध्ये ती एकेरीत जगात 160 वी होती. तिची ही सर्वोच्च मजल. त्याच महिन्यात कोरोनामुळे सगळ्या स्पर्धा थांबल्या.

हा क्रमांक किरकोळ समजू नये. ग्रँड स्लॅमच्या (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या) मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य फेऱ्यांत, 128 जणी असतात, पण क्रमवारीवर थेट प्रवेश साधारण 104 जणींनाच. बाकी बहुतेकींना पात्रता फेरीचे सलग तीन सामने जिंकावे लागतात. 160 वी असली की या पात्रता फेरीत जागा मिळते.

या क्रमांकापर्यंत पोचायचे गुण अंकिताने मुख्यतः एकूण 25 हजार डॉलर बक्षिसाच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धांतून मिळवले. ही रक्कम सगळ्या खेळाडूंत वाटली जाई. विजेतीच्या हाती चार हजार डॉलरही येत नसत, आणि त्यातच विमानभाडं, हॉटेल, प्रशिक्षक. विजेतेपदाचे गुण तेव्हा 50, आणि क्रमवारीतले गुण 52 आठवड्यांनी गळतात. म्हणजे गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा हरलात की घसरण ठरलेली. अशा चक्रात राहून तिने 2018 च्या फेड कपमध्ये (देशांच्या महिला संघांची स्पर्धा) कझाकस्तानच्या, पहिल्या शंभरातल्या युलिया पुतिन्त्सेवाला हरवलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य घेतलं. याचं मोल आपल्याकडे फार कमी लोकांनी ओळखलं.

2021 च्या ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी दुबईत झाली. अंकिता शेवटच्या सामन्यात हरली. तरीही कुणी माघार घेतली तर जागा मिळेल म्हणून मेलबर्नला गेली, 14 दिवस विलगीकरणात राहिली. एकेरीत जागा मिळाली नाही. दुहेरीत मात्र मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर मुख्य ड्रॉ खेळायला मिळाला. पहिल्याच फेरीत हार. ती तिथेच थांबली आणि त्याच महिन्यात कामिला राखिमोव्हाबरोबर फिलिप आयलंड ट्रॉफी जिंकली. डब्ल्यूटीएचं, म्हणजे महिलांच्या मुख्य व्यावसायिक मालिकेतलं, विजेतेपद मिळवणारी सानिया मिर्झानंतरची ती दुसरी भारतीय. एका आठवड्यात 280 गुण! दुहेरीत ती 94 वर पोचली.

त्याच वर्षी जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या दुहेरीत सानिया-अंकिता किचेनोक बहिणींविरुद्ध 6-0, 5-3 अशा पुढे होत्या. सेट 6-6 होऊन टायब्रेकला (निर्णायक गुणांच्या खेळाला) गेला आणि तिथे एकही गुण मिळाला नाही. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. त्यात 1-8 वरून सलग सात गुण घेत 8-8, आणि पुढचे दोन्ही गुण युक्रेनच्या जोडीला.