आडगावची नेमणूक: मराठी मुलखातल्या तरुण मिशनऱ्यांची पार्श्वभूमी

लहान गावात नव्यानेच आलेला तरुण मिशनरी म्हटलं की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येतं: ध्येयाने पेटलेला, नकाशावर बोट ठेवून ‘इथेच जाईन’ म्हणणारा. मराठी मुलखात असं बोट ठेवायची संधी फार थोड्यांना मिळाली. कुणी कुठल्या गावी जायचं हे बहुतेकदा सरकारची भीती, पटकीची म्हणजे कॉलऱ्याची साथ, देशावरची हवा आणि समुद्रापार बसलेल्या मंडळाचा हिशेब यांनीच ठरवलं.

गोव्यातली गोष्ट थोडी वेगळी. १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स साष्टीत जवळजवळ चाळीस वर्षं राहिले आणि १६१६ मध्ये त्यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण राचोलला छापलं गेलं. पण त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात नेमका उलटा प्रकार. कंपनीला व्यापार हवा होता, धर्मावरून बखेडे नको होते, त्यामुळे परवान्याशिवाय मिशनऱ्याला थारा नव्हता.

अमेरिकन बोर्ड या बोस्टनच्या मिशनरी मंडळाने १८१२ मध्ये पाठवलेल्या पहिल्या तुकडीला कलकत्त्यात उतरताच निघून जायचा हुकूम मिळाला, तो यामुळेच. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हुलकावणी देऊन फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. तिथेही हद्दपारीची टांगती तलवार होतीच, पण गव्हर्नर इव्हान नेपियन यांनी त्यांना सांभाळून घेतलं आणि त्याच वर्षी कंपनीच्या सनदेच्या नव्या कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिलं झालं. सॅम्युअल न्यूवेल नंतर त्यांना येऊन मिळाले, ते एकटेच. त्यांची बायको हॅरिएट वाटेतच मॉरिशसला वारली होती. वय अवघं एकोणीस.

कायदा बदलला म्हणून कुठेही राहता येत होतं असं नाही. स्कॉटिश मिशनचे डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये आले तेव्हा त्यांचा डोळा पुण्यावर होता. पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झाली होती. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांना पुण्याच्या ब्राह्मण वस्तीत पाद्री नेऊन बसवायचा नव्हता, कारण राख अजून गरम होती. मग सुरक्षित जागा कोणती, तर बाणकोट. सावित्री नदीच्या मुखावरचं हे बंदर १७५६ पासून इंग्रजांकडे होतं, तिथे कुणी बिथरण्याची भीती कमी. कोकणातल्या त्या कोपऱ्यात स्कॉटिश मिशनचं पहिलं ठाणं पडलं ते असं. मिचेल त्याच वर्षी वारले.

पण बाणकोट-हर्णैच्या या टापूचा पुढे एक वेगळाच उपयोग झाला. १८२९ मध्ये चोविशीतले जॉन विल्सन आणि त्यांची बायको मार्गारेट मुंबईत उतरली, ती भाषा शिकायला थेट इकडेच आली. मुंबईत गुजराती, पोर्तुगीज, हिंदुस्तानी सगळं कानावर पडे आणि इंग्रजीवर निभावून नेता येई. हर्णैत मराठीवाचून बाजारहाटही अडला असता. काही महिन्यांतच विल्सन मराठीत प्रवचन देऊ लागले आणि वर्ष संपायच्या आत मुंबईला परतले. विल्सन कॉलेजचे संस्थापक म्हणून त्यांना सगळे ओळखतात, त्यांच्या मराठीची पायाभरणी झाली ती कोकणात हे सहसा कुणी सांगत नाही.

भाषेबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण नव्या मिशनऱ्याचं पहिलं वर्ष सगळं त्यातच जाई. हॉल आले तेव्हा हाताशी विल्यम कॅरी यांचं १८०५ चं व्याकरण आणि १८१० चा कोश होता, तोही मोडीत छापलेला. म्हणजे पुस्तकासाठी बाळबोध (देवनागरी), कागदपत्रासाठी मोडी, अशी दोन वळणं गिरवायची. मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ मध्ये आला तेव्हा कुठे हा भार थोडा हलका झाला. शिकवायला शास्त्रीबुवा ठेवलेले असत. शास्त्रीबुवांना पगार मिळे, धर्म बदलण्याची सक्ती नसे, आणि साहेबाच्या तोंडून मराठी वदवून घेण्यात त्यांनाही गंमत वाटत असावी. गोची पुढे होई. शास्त्रीबुवांनी शिकवलेली संस्कृतप्रचुर मराठी घेऊन साहेब महारवाड्यात किंवा मांगवाड्यात उभा राहिला की समोरच्यांना निम्मं कळत नसे आणि त्यांचं बोलणं साहेबाला. मिशनची प्रत्यक्ष वाढ झाली ती मात्र याच वस्त्यांमधून. पुढेपुढे अनेक मिशनांत भाषेच्या परीक्षा आल्या, पण परीक्षक कागदावरची मराठी तपासत, वस्तीतली नव्हे.

मुंबईत हॉल तेरा वर्षं राबले. शाळा काढल्या, छापखाना चालवला, नव्या कराराचं भाषांतर सहकाऱ्यांबरोबर तडीस नेलं. धर्मांतरं म्हणाल तर हाताची बोटंही जास्त झाली असती. मार्च १८२६ मध्ये ते नाशिककडे दौऱ्यावर गेले, तेव्हा तिथे पटकी पसरली होती. जवळची बरीचशी औषधं त्यांनी रोग्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीवर रात्र काढताना पटकीने त्यांनाच गाठलं आणि काही तासांत सगळं संपलं. वय एक्केचाळीस.

मुंबईची हवा सोसत नाही आणि शहरात कुणी ऐकत नाही, या दोन्ही तक्रारींतून नगरची वाट निघाली. डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्वी हे तिघे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आले. देशावरची कोरडी हवा, लष्करी छावणी असल्यामुळे गोऱ्यांची वस्ती आणि डाक, भोवती बैलगाडीच्या टप्प्यात असंख्य खेडी. कागदावर जागा नामी होती. पण पटकीला देश काय नि कोकण काय! मुंबईत उतरून सव्वा वर्षही झालं नव्हतं तोच हर्वी १८३२ मध्ये तिनेच गेले. त्यांची बायको एलिझाबेथ त्याआधी मुंबईतच गेली होती. ग्रेव्ह्ज यांच्या प्रकृतीने त्यांना पुढे महाबळेश्वरला नेलं, तिथेच ते १८४३ मध्ये वारले.

बायकांचा उल्लेख असा मृत्यूपुरताच यावा, हे जुन्या अहवालांचं वैगुण्य आहे. मंडळाच्या यादीत त्यांचा हुद्दा ‘सहायक मिशनरी’ असा असे, मग काम पूर्ण वेळेचं का असेना. याला छेद देणारं नाव सिंथिया फॅरार यांचं. अविवाहित शिक्षिका म्हणून त्या १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ मध्ये नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, हे सर्वश्रुत आहे. शाळा पाहायला येणारा माणूस ख्रिस्ती व्हावा एवढीच बोस्टनची अपेक्षा; इथे तो ख्रिस्ती झाला नाही आणि काम मात्र कितीतरी पुढे गेलं. माझ्या मते मराठी मुलखातल्या सगळ्या मिशनरी नेमणुकांत हीच सर्वांत फळलेली.

शाळा हा गावात शिरण्याचा राजरस्ता होता, पण त्यावर खड्डे होते. ब्राह्मण पंतोजी पगारी ठेवायचे, मुलं गोळा करायची, आणि एखाद्याने बाप्तिस्मा घेतला की रातोरात वर्ग ओस. मुंबईत १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यानंतर विल्सन यांच्या शाळेची हीच गत झाली.

लहान गावांकडे खरा लोंढा वळला तो १८५४-५५ मध्ये, आणि तोही एका बड्या साहेबाच्या पाहणीमुळे. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः इकडे आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: इंग्रजी शाळांवर पैसा घालू नका, त्यातून कारकून निपजतात. खेड्यात जा, मराठीत बोला, गावोगावी ख्रिस्ती लोकांच्या लहान मंडळ्या उभ्या करा आणि त्यांवर इथलेच पाळक नेमा. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना याच सुमाराला पाळकपदाची दीक्षा मिळाली. सगळ्यांना हे पटलं नाही. कोल्हापुरात १८५२ पासून ठाण मांडून बसलेले रॉयल वाइल्डर शाळांसाठी भांडले, बोर्डाशी फाटलं, तरी कोल्हापूरचं काम त्यांनी सोडलं नाही. पुढे १८७० मध्ये ते ठाणं प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं.

अँडरसन यांच्या फेरीनंतर वडाळा, राहुरी, शिरूर, सोलापूर ही नावं नेमणुकांच्या यादीत दिसू लागतात. सॅम्युअल फेअरबँक १८५७ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला गेले. पावसाळ्यात मुक्काम, थंडीत तंबू आणि बैलगाडी घेऊन गावोगाव दौरा, असा तिथला वर्षाचा क्रम. दौऱ्यावर त्यांची नजर आभाळाकडेही असे. त्यांनी मराठी मुलखातल्या पक्ष्यांची यादी केली आणि पलनी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ आजही आहे. प्रवचनाची पाश्चात्त्य तऱ्हा गावात चालेना, तेव्हा १८६० च्या दशकात इथल्याच ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उचललं: पूर्वरंग, आख्यान, टाळ, सगळं जसंच्या तसं, विषय तेवढा येशूचा. ही कल्पना परदेशी डोक्यातून निघणं अवघडच होतं.

शतक संपता संपता येणाऱ्या तरुणाचा साचाही बदलला. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले ते डॉक्टर म्हणून, तेही चोविशीतच. आधी सांगलीत दवाखाना, मग १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय. प्रवचनाला पाठ फिरवणारं गाव मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मात्र रांग लावतं, हे मंडळांना तोवर कळून चुकलं होतं. दुष्काळांनी अनाथाश्रमांची भर घातली.

या साऱ्या नोंदी साहेबांच्या हातच्या, मंडळाकडून पुढचा पैसा यावा म्हणून लिहिलेल्या. गावाला हा नवा पाहुणा कसा दिसला, ते त्यांत चुकूनमाकूनच सापडतं. ती बाजू पाहायची तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे वळावं लागतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे हे कुटुंब राहुरीला राहिलं. मिशनच्या आवारातलं सोवळं-ओवळं, पगाराची ओढाताण, साहेब-मडमांचा जिव्हाळा आणि त्यांच्याशी उडणारे खटके, सगळं तिथे घरच्या माणसाच्या तोंडून येतं. आणि तोवर राहुरीसारख्या ठिकाणी नेमून येणारा माणूस अमेरिकनच असेल असं राहिलं नव्हतं. पाळक, शिक्षक, बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया नगरच्याच शाळांतून शिकून निघत होत्या आणि बदलीचा कागद हातात घेऊन गावोगाव जात होत्या.