चौथी हवाई कोअर (सोव्हिएट संघ)

दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएट छत्रीधारी सैन्याची एक मोठी तुकडी. १९४१ च्या वसंत ऋतूत लाल सेनेने अशा पाच हवाई कोअर उभारल्या. त्यांपैकी चौथीचा तळ बेलारूसमध्ये होता आणि तिच्यात ७, ८ व २१४ क्रमांकाच्या ब्रिगेड होत्या. जूनमध्ये जर्मन आक्रमण झाले, तेव्हा या सैनिकांना वाहून नेण्यापुरती विमाने नव्हती. जनरल अलेक्सेई झादोव यांच्या नेतृत्वाखाली ते बेरेझिना नदीकाठी पायदळ म्हणूनच लढले.

कोअरचे नाव राहिले ते मॉस्कोच्या पश्चिमेकडील व्याझ्मा शहराभोवतीच्या मोहिमेमुळे. मॉस्कोपुढून मागे रेटलेल्या जर्मन सेनेच्या पिछाडीला उतरून तिचे रस्ते व लोहमार्ग तोडायचे, हा बेत. त्यासाठी नुकत्याच परत घेतलेल्या कलुगा शहराजवळचे विमानतळ निवडले गेले. ते आघाडीच्या इतके जवळ होते, की जर्मनांना सुगावा लागायला वेळ लागला नाही आणि बाँबहल्ले सुरू झाले. विमानेही साठ-पासष्टच. सारी कोअर एकदम उतरवणे अशक्य होते, तरीही बेत बदलला नाही. २७ जानेवारी १९४२ च्या रात्री सर्वांत आधी ८ व्या ब्रिगेडची दुसरी बटालियन उतरली तीच ठरल्या जागेपासून कित्येक किलोमीटर दक्षिणेला. कडाक्याच्या थंडीत, गुडघाभर बर्फात माणसे व सामान विखुरले. फेब्रुवारीच्या आरंभी उड्डाणे थांबली, तोवर सुमारे २,१०० सैनिक उतरले होते. त्यांपैकी ब्रिगेडप्रमुख ओनुफ्रियेव यांच्याजवळ जेमतेम १,३०० गोळा झाले. ते पुढे जनरल बेलोव यांच्या घोडदळाला जाऊन मिळाले.

उरलेली कोअर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात युखनोव शहराच्या पश्चिमेस उतरली. हे सैनिक सात हजारांवर होते. कोअरप्रमुख जनरल लेवाशोव मात्र वाटेतच मारले गेले: त्यांच्या विमानावर जर्मन लढाऊ विमानाने हल्ला केला. सूत्रे चीफ ऑफ स्टाफ कर्नल कझान्किन यांच्याकडे आली. समोरून येणाऱ्या सोव्हिएट ५० व्या सेनेशी मॉस्को-वॉर्सा महामार्गावर हातमिळवणी करायची होती, पण ती सेना महामार्ग ओलांडू शकली नाही. काही दिवसांसाठी आखलेली ही मोहीम मग महिनोन् महिने लांबली. हलकी शस्त्रे आणि अपुरा दारूगोळा एवढ्यावर, स्थानिक पार्टिझानांच्या (गनिमी लढवय्यांच्या) साथीने कोअरने जंगलपट्टा धरून ठेवला. शत्रूच्या बऱ्याच फौजा तिथे अडकून पडल्या हे खरे, पण व्याझ्मा पडले नाही.

मेअखेरीस जर्मनांनी ‘हॅनोव्हर’ मोहीम काढून हा पट्टा चिरडायला घेतला, तेव्हा कझान्किन व बेलोव यांनी दक्षिणेकडे वाट काढली. जूनमध्ये उरलेसुरले सैनिक गटागटाने वेढ्यातून बाहेर पडले. ऑगस्ट १९४२ मध्ये कोअरचे रूपांतर ३८ व्या गार्ड्स रायफल डिव्हिजनमध्ये होऊन तिची रवानगी स्टालिनग्राडच्या आघाडीकडे झाली, पुन्हा पायदळ म्हणूनच.