छोट्या गटातील मार्गदर्शित वाचन : पार्श्वभूमी

पाच-सहा मुले एका टेबलाभोवती बसली आहेत, प्रत्येकाच्या हातात एकाच पुस्तकाची स्वतंत्र प्रत आहे, शिक्षिकेने दोन-तीन मिनिटांत गोष्टीची तोंडओळख करून दिली आहे आणि आता सगळी मुले आपापल्या गतीने, दबक्या आवाजात वाचत असताना ती एकेकाच्या जवळ झुकून ऐकते आहे. इंग्रजीतून प्राथमिक शिक्षण देणाऱ्या अनेक देशांत हा वीस मिनिटांचा पाठ 'गायडेड रीडिंग' म्हणजेच मार्गदर्शित वाचन या नावाने रुळला आहे. तो एकसंध पद्धत म्हणून ओळखला जात असला, तरी त्यात तीन निरनिराळ्या काळांतील कल्पना एकवटल्या आहेत : मुलांची गटवारी, पुस्तकांची श्रेणी आणि वाचणाऱ्या मुलाचे बारकाईने केलेले निरीक्षण. ही पद्धत मुलांवर पातळीचे शिक्के मारते आणि अक्षरे वाचण्याऐवजी शब्द ताडायला शिकवते, असा जो वाद तिच्यावर गेली काही वर्षे पेटला आहे, त्यात या तिघांची सरमिसळ होते आणि एकीचा दोष दुसरीच्या माथी मारला जातो. म्हणून प्रत्येकीचा उगम वेगळा पाहणे आवश्यक ठरते.

गटवारी सर्वांत जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहान मुलांच्या तुकड्यांना शिकवण्याचा प्रयोग केला आणि १७९७ मध्ये त्याचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर लंडनमध्ये अशीच व्यवस्था उभारत होते. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले असल्यामुळे तुकड्या पाडणे ही तिथे गरज होती. प्रत्येक वाचकाकडे स्वतंत्र लक्ष देणे हा तिचा हेतूच नव्हता. पुढे इयत्तांची पद्धत आली आणि १८३६ पासून अमेरिकेत निघालेल्या मॅकगफी वाचनमालेसारखी चढत्या काठिण्याची क्रमिक पुस्तके वर्गावर्गात पोहोचली. वाचन म्हणजे प्रकट वाचन, म्हणजे उभे राहून स्पष्ट उच्चारांत पाठ म्हणणे, हीच तोपर्यंतची समजूत होती. ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मागे पडू लागली, मूकवाचन आणि आकलन यांना महत्त्व आले आणि त्याच काळात प्रमाणित चाचण्याही आल्या. चाचणीचे गुण हाती आल्यावर वर्गाचे हुशार, मध्यम आणि कच्चे असे तीन वाचनगट पाडणे सोपे झाले, आणि ही त्रिगटी व्यवस्था अमेरिकी प्राथमिक शाळांत पुढची कित्येक दशके टिकली.

या गटांत प्रत्यक्षात काय चाले, हे नंतरच्या पिढीने लिहून ठेवले. आळीपाळीने एकेकाने एक परिच्छेद वाचायचा आणि बाकीच्यांनी बोट ठेवून आपली पाळी येण्याची वाट पाहायची, हा तिथला नित्यक्रम होता. त्यात एका मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष वाचनाची काही मिनिटेच येत. समाजशास्त्रज्ञ रे रिस्ट यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर अस्वस्थ करणारा आहे. बालवर्गाच्या आठव्याच दिवशी शिक्षिकेने मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा नेमून दिल्या होत्या आणि त्या वाटणीत मुलांचे कपडे, स्वच्छता, बोलण्याची ढब आणि घरची परिस्थिती यांचा प्रभाव दिसत होता. ही मुले दुसरीत पोहोचली तेव्हा वाचनगटांना 'टायगर्स', 'कार्डिनल्स' आणि 'क्लाउन्स' अशी नावे मिळाली होती. वाघ कोण आणि विदूषक कोण, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९८० मध्ये वाचन-संशोधक रिचर्ड अ‍ॅलिंग्टन यांनी दाखवून दिले की, कच्च्या गटातील मूल अडखळताच शिक्षक त्याला चटकन मध्येच तोडतात, तर चांगल्या वाचकाला चूक स्वतः सुधारायला अवधी देतात. मार्गदर्शित वाचनाच्या पुढच्या पुरस्कर्त्यांना जुनी गटपद्धत मोडून काढायची होती, ती या अनुभवामुळे. त्यांच्यावर मुलांचे वर्गीकरण केल्याचा आरोप होतो तेव्हा हा संदर्भ सहसा विसरला जातो.

पुस्तकाच्या श्रेणीची कल्पना दुसऱ्या वाटेने आली. मजकूर किती कठीण आहे हे शब्दांची वारंवारता आणि वाक्यांची लांबी मोजून ठरवण्याचे प्रयत्न १९२० च्या दशकात सुरू झाले होते. १९४६ मध्ये अमेरिकी वाचनतज्ज्ञ एमेट बेट्स यांनी त्याला मुलाची बाजू जोडली : शंभरपैकी नव्व्याण्णव शब्द बरोबर वाचता येत असतील तर पुस्तक स्वतंत्र वाचनाचे, पंचाण्णवच्या आसपास असतील तर शिकवण्याजोगे आणि नव्वद किंवा त्याखाली घसरले तर मुलाला हताश करणारे. या टक्केवारीमागे मुख्यतः त्यांच्या एका विद्यार्थ्याने चौथीच्या जेमतेम ४१ मुलांवर केलेला प्रबंध होता. नंतर न्यूझीलंडच्या वाचन-संशोधक मेरी क्ले यांच्या पद्धतीत शिकवण्याजोग्या पुस्तकाची मर्यादा ९० ते ९४ टक्क्यांवर आली, म्हणजे बेट्स यांच्या मते मूल जिथे धडपडू लागते तिथेच ती ठेवली गेली. हजारो शाळांची पुस्तक-निवड ज्या आकड्यांवर चालते, ते इतके लवचीक असावेत, ही बाब माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

निरीक्षणाची तिसरी कल्पना, आणि तिच्याबरोबर आजच्या पाठाचा साचा, न्यूझीलंडमध्ये तयार झाला. तिथे मूल साधारणपणे पाचव्या वाढदिवशी शाळेत दाखल होते, त्यामुळे पहिल्या वर्गात वर्षभर नवी मुले येत राहतात आणि सगळा वर्ग एकाच पानावर कधीच नसतो. छोट्या, बदलत्या गटांची पद्धत तिथे इतकी सहज रुजली, यात या प्रवेशपद्धतीचा मोठा वाटा असावा. १९६३ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने 'रेडी टू रीड' ही छोट्या पुस्तकांची माला काढली. मोजक्या शब्दांची यांत्रिक पुनरुक्ती टाळून मुलांच्या बोलण्याला जवळची वाक्ये तिच्यात योजली होती. तिथलेच शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी मोठ्या आकाराची पुस्तके पुढे ठेवून सबंध वर्गासह वाचण्याची पद्धत रूढ केली, आणि मुलांना वाचून दाखवणे, मुलांसह वाचणे आणि मुलांनी स्वतः वाचणे अशी तीन पायऱ्यांची मांडणी शिक्षकांच्या तोंडी बसली. मार्गदर्शित वाचन दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये येते : वाचायचे मुलाने, पण हाकेच्या अंतरावर शिक्षक असायचा.

मेरी क्ले यांनी ऑकलंडमध्ये १९६० च्या दशकात शंभर मुलांच्या शाळेतील पहिल्या वर्षाचा आठवड्यागणिक मागोवा घेतला आणि १९६६ मध्ये त्यावरील प्रबंध पूर्ण केला. 'रनिंग रेकॉर्ड' ही त्या कामाची सर्वांत टिकाऊ देणगी म्हणावी लागेल. मूल मोठ्याने वाचत असताना शिक्षक कोऱ्या कागदावर प्रत्येक बरोबर शब्दासाठी एक टिकमार्क करतो, चुकलेल्या जागी आडवी रेघ ओढून रेघेवर मुलाने उच्चारलेला आणि खाली छापलेला शब्द लिहितो, आणि मुलाने आपणहून दुरुस्ती केली तर 'एससी' ('सेल्फ करेक्शन', म्हणजे स्वयंदुरुस्ती) अशी खूण करतो. नंतर चुकांचा अर्थ लावला जातो. 'हॉर्स'च्या जागी मूल 'पोनी' म्हणाले, तर अर्थ जुळला पण अक्षरांकडे लक्ष गेले नाही. 'हाउस' म्हणाले, तर अक्षरांचा आधार घेतला पण अर्थाशी पडताळा केला नाही. जुन्या वाचनगटात या दोन्ही चुका सारख्याच मानल्या जात. पाठाचे पुढचे पाऊल चुकीच्या जातीवरून ठरवायचे, हा विचार वर्गशिक्षकाच्या हाती आला तो या साध्या कागदामुळे.

क्ले यांचे काम मागे पडलेल्या सहा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या 'रीडिंग रिकव्हरी' या रोज अर्ध्या तासाच्या वैयक्तिक शिकवणीत उतरले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास ते अमेरिकेतील ओहायो राज्यात पोहोचले. तिथे ते आणण्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी गे सू पिनेल यांनी आयरीन फाउंटस यांच्यासह १९९६ मध्ये मार्गदर्शित वाचनावरील ग्रंथ लिहिला आणि एका मुलासाठी घडवलेली पद्धत सबंध वर्गाच्या मापाची केली. पुस्तकांना अक्षरांनी दर्शवलेल्या पातळ्या मिळाल्या, गट तात्पुरते ठेवावेत आणि दर काही आठवड्यांनी नोंदी पाहून मोडावेत असा आग्रह धरला गेला, आणि आळीपाळीचे वाचन बाद होऊन प्रत्येक मुलाने सगळे पुस्तक वाचायचे ठरले. इंग्लंडमध्ये १९९८ च्या राष्ट्रीय साक्षरता धोरणाने रोजचा तासभराचा साक्षरता-तास आखून दिला. त्यात पंधरा मिनिटे सामूहिक वाचन-लेखन, पंधरा मिनिटे शब्द आणि वाक्ये, वीस मिनिटे गटकार्य आणि शेवटची दहा मिनिटे एकत्र उजळणी अशी वाटणी होती. त्या वीस मिनिटांत शिक्षक एका गटासह बसे आणि उरलेले वीस-पंचवीस जण स्वतः काम करत. मार्गदर्शित वाचन राबवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची खरी दमछाक या उरलेल्या मुलांच्या व्यवस्थेत होते, आणि धोरणपत्रांत तिला जेमतेम एखादी ओळ मिळते.

पद्धत पसरली तशी ती आवळत गेली. पातळीचे अक्षर हे पुस्तक निवडण्याचे साधन आहे, मुलाची ओळख नव्हे, असे फाउंटस आणि पिनेल वारंवार सांगत राहिल्या. तरी पुस्तकांच्या टोपल्यांवर, प्रगतिपुस्तकात आणि शेवटी मुलांच्या बोलण्यात ते अक्षर जाऊन बसले. ज्या गटबाजीतून सुटका करायची होती, तीच नव्या वर्णमालेत परतली. श्रेणीच्या मूळ गृहीतकालाही धक्के बसले : मागे पडलेल्या दुसरीच्या मुलांना चांगल्या वाचकांबरोबर जोडीने बसवून केलेल्या २००० सालच्या एका अभ्यासात, आपल्या पातळीपेक्षा दोन इयत्ता कठीण मजकूर वाचणाऱ्या मुलांची प्रगती अधिक झालेली आढळली. जोडीदाराची भक्कम साथ होती म्हणून हे साधले, ही अट मात्र तो अभ्यास सांगताना गाळू नये.

सर्वांत तीव्र टीका झाली ती शब्द ओळखण्याच्या शिकवणीवर. अमेरिकी वाचन-अभ्यासक केनेथ गुडमन यांनी १९६७ मध्ये वाचनाला अंदाज बांधण्याचा खेळ म्हटले होते. चित्र, संदर्भ आणि वाक्यरचना यांवरून शब्द ताडावा, अक्षरे लागतील तेवढीच पाहावीत, हा सल्ला त्या विचारातून वर्गात आला. डोळ्यांच्या हालचालींवरील प्रयोगांनी आणि १९८० च्या आसपासच्या मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांच्या मांडणीने चित्र उलटे केले : निष्णात वाचक जवळजवळ प्रत्येक अक्षर पाहतो, संदर्भावर भार टाकतो तो कच्चा वाचक. अमेरिकेत २००० साली राष्ट्रीय वाचन समितीने अक्षर-ध्वनी संबंधांचे पद्धतशीर शिक्षण परिणामकारक ठरवले, इंग्लंडमध्ये प्रारंभिक वाचन-शिक्षणावरील २००६ च्या रोझ अहवालानंतर धोरण त्याच दिशेने वळले आणि २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांची ध्वनिवाचन-तपासणी, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जुळवून शब्द वाचता येतात का याची चाचणी, सुरू झाली. क्ले यांच्या नोंदीतील 'पोनी' ही चूक पूर्वी अर्थ समजल्याची खूण म्हणून काहीशा समाधानाने पाहिली जाई. नव्या दृष्टीने ती शब्द न वाचल्याची खूण ठरली. कागद तोच राहिला, त्याचे वाचन बदलले.

न्यूझीलंडमध्येच २०२५ पासून सरकारी शाळांना अक्षर-ध्वनींवर आधारलेले संरचित वाचन-शिक्षण बंधनकारक झाले आणि 'रीडिंग रिकव्हरी'चा शासकीय आधार संपला. छोटा गट मात्र टेबलावरून उठलेला नाही. बदल केलेल्या अनेक शाळांत तो आता पातळीच्या अक्षरावरून न जमता, कोणाला कोणते अक्षर-ध्वनी अजून पक्के झालेले नाहीत यावरून जमतो. मुलांच्या हातात शिकवलेल्या ध्वनींतूनच रचलेली पुस्तके असतात, आणि इयत्तेच्या तोडीचा कठीण मजकूर शिक्षक सबंध वर्गापुढे वाचून त्यावर चर्चा घेतात.