माशी मारण्याआधी तिचे डोळे बघा

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या पठारावर, जिथे गुरं चरतात त्या बाजूला जरा टेकलं, की जाड पँटीतूनही कळ येते. हात आपोआप उठतो, फटका बसतो आणि चेंदामेंदा झालेल्या करड्या माशीचा फोटो काढून लोक विचारतात, "ही कोणती?" उत्तरं येतात ती गांधीलमाशी, घोडमाशी, "जंगली असेल" अशी. बिचाऱ्या माशीच्या ओळखीची निम्मी माहिती त्या फटक्यातच गेलेली असते.

पहिला गैरसमज आकाराचा. माशी मोठी म्हणजे चावरी, असं मुळीच नाही. गांधीलमाशी तर खऱ्या अर्थाने माशीच नव्हे. तिला चार पंख असतात आणि ती चावत नाही, डंख मारते. खऱ्या माशीला दोनच पंख. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक दांड्या उरलेल्या असतात. दोन पंखांच्या मोठ्या माश्यांतही फसवणारे पुष्कळ. फांदीच्या टोकावर टपून बसलेली, लांबट अंगाची, तोंडावर राठ मिशा असलेली ती रॉबर फ्लाय. ती उडणारे किडे पकडून खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. मुठीत धरलीत तर मात्र चावेल, आणि त्यात चूक तिची नाही. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, फुलासमोर हवेत एका जागी थांबणारी माशी तर अगदीच निरुपद्रवी. उलट घरमाशीएवढीच दिसणारी एक माशी गोठ्यात घोट्याला कडकडून चावते. तिचं नाव स्टोमॉक्सिस. डोक्याखालून सरळ पुढे आलेली टोकदार सोंड ही तिची खूण, आणि तिच्यात नर-मादी दोघंही रक्त पितात.

बाहेर उन्हात चावणारी मोठी माशी मात्र बहुतेक वेळा गोमाशी असते, म्हणजे टॅबॅनिडी कुळातली. जगात तिच्या ४,००० हून अधिक जाती आहेत. काही जेमतेम घरमाशीएवढ्या, तर काही अडीच सेंटिमीटरपर्यंत.

ओळख सुरू करायची ती डोळ्यांपासून. डोकं जवळजवळ सगळं डोळ्यांनीच भरलेलं, आणि जिवंतपणी त्यांवर हिरवी, जांभळी, तांबूस झळाळी. काही जातींत आडवे पट्टे, काहींत नागमोडी रेषा, काहींत ठिपके. हा रंग डोळ्यांवरच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना उमटतो. माशी मेली आणि डोळे सुकले की पट्टे विरतात, म्हणून संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांचे डोळे नुसते काळपट दिसतात. दोन्ही डोळे वरच्या बाजूला एकमेकांना भिडलेले असतील तर तो नर. त्याचं पोट फुलांतल्या मधावर भरतं, तो चावत नाही. मध्ये अरुंद पट्टी दिसली तर मादी. अंडी पोसायला तिला रक्त लागतं.

मग पंख आणि शिंगा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका, बघा. आपल्याकडच्या सगळ्या गोमाश्या यात बसत नाहीत, पण तीन प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) लक्षात ठेवल्या तरी बरंच काम होतं. टॅबॅनस दणकट, बहुधा स्वच्छ पंखांची, आखूड शिंगांची, आणि येते ती मोठ्याने घोंघावत. हीमॅटोपोटा सडपातळ, करड्या पंखांवर नक्षीदार ठिपके, बसल्यावर पंख कौलारू छपरासारखे पाठीवर उतरते. ती आवाज न करता येते, त्यामुळे कळतं ते चावल्यावरच. क्रायसॉप्सच्या पंखांवर गडद पट्टा, शिंगा लांब, डोळे भडक. तिचा रोख डोक्याकडे आणि मानेकडे.

एवढं दुखतं ते कशामुळे? डास बारीक नळी थेट रक्तवाहिनीत घालतो. गोमाशीच्या तोंडात मात्र पात्या आहेत. त्या कातडी कापतात, बारक्या रक्तवाहिन्या फुटतात, जखमेत साचलेलं रक्त माशी टिपून घेते, आणि ते गोठू नये अशी सोय तिच्या लाळेत असते.

या दुखण्यातच रोगाची वाट आहे. जनावर अंग झटकतं, माशी अर्धपोटी उठते आणि रक्ताने ओलं तोंड घेऊन शेजारच्या जनावरावर बसते. गुराघोड्यांचा सर्रा नावाचा रोग असाच पसरतो. हा रोग घडवणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला १८८० मध्ये आता पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान इथल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सापडला. माणसाला तो सहसा काहीच करत नाही, कारण आपल्या रक्तातलं एपीओएल-१ नावाचं प्रथिन त्याला मारतं. पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो आढळला. तपासाअंती कळलं, की त्या माणसाच्या शरीरात ते प्रथिन कामाचं नव्हतंच. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. म्हणजे गोमाशी चावली म्हणून आपण सर्राची धास्ती घेण्याचं कारण नाही; ती चिंता गुरं आणि घोडे पाळणाऱ्यांची. आपण जखम साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, खाजवू नये. दम लागला किंवा तोंड सुजू लागलं, तर मात्र डॉक्टर लगेच गाठावा.

या माश्यांचं पाण्याशी घट्ट नातं. बऱ्याच जातींच्या माद्या पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंड्यांचे पुंजके घालतात, आणि अळ्या चिखलात शिकार करत वाढतात. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो, त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. गोमाशीला तो ओळखू येतो. गडद, चकचकीत कातडीवरूनही तसाच प्रकाश येतो, म्हणून काळा घोडा तिला खुणावतो आणि पांढरा फारसा नाही. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ यांच्या गटाने हे दाखवलं, आणि त्याबद्दल त्यांना २०१६ मध्ये इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळालं. पुढे इंग्लंडमध्ये घोड्यांना झेब्र्याच्या पट्ट्यांची झूल घातली, तेव्हा माश्या जवळ तितक्याच आल्या पण नीट उतरू शकल्या नाहीत. जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तर चावऱ्या माश्या निम्म्याहून कमी बसल्या. आपल्याकडच्या म्हशींवर कुणी हा प्रयोग केला तर बघायला मजा येईल.

रानात फिकट कपडे घालावेत, ते याचसाठी. आणि जंगलाच्या कडेला उभ्या केलेल्या काळ्या गाडीच्या गरम बॉनेटभोवती अशी माशी घिरट्या घालू लागली, तर ही आयती संधी. आत बसा, काच वर करा आणि ती काचेवर टेकली की फोटो घ्या: एक डोळ्यांचा, एक शिंगांचा, एक पंखांच्या ठेवणीचा.